पेरूच्या झाडावरच्या सीड्या

बुधाजी वारल्यानंतरचा जलदानाचा विधी उरकला आणि त्यांची लेक प्रज्ञा कॉम्प्युटरपुढे बसली. वडील कामाला होते त्या रसायनाच्या कारखान्यात दरवर्षी त्यांच्या छातीचा एक्स-रे फोटो काढायचे आणि हातात सीडी टेकवून मोकळे व्हायचे. सीडीतली जुन्या मशीनची ती फाइल अलिबागच्या एकाही दुकानात उघडायची नाही. "सायेब बोलला, फिट हाय," म्हणत बुधाजी ती सीडी पोपट हाकायला पेरूच्या झाडाला टांगायचे. सुतळी संपली म्हणून पाकिटातच राहिलेली एक शाबूत होती, बारा वर्षांपूर्वीची.

प्रज्ञाने दोन दिवस डोकं फोडून ती फाइल साध्या फोटोत बदलली. बदलताना फाइलच्या सुरुवातीला कारखान्याच्या डॉक्टरने टाइप केलेला मजकूरही बाहेर पडला: दोन्ही फुफ्फुसांत डाग. पावडर खात्यातून हलवा. कामगाराला सांगू नये.

ही फाइल कोणी उघडणार नाही, याची खात्रीच होती मेल्यांना.

"काय गावलं गो?" आई इंदूबाईंनी दारातून विचारलं.

प्रज्ञाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर पेरूवर बाकीच्या सीड्या उन्हात चकाकत होत्या, बाबांनी स्वतःच्या हाताने घट्ट बांधलेल्या. इतक्या वर्षांत त्या सीड्यांना घाबरले ते फक्त पोपट.