न वाचता दिलेली मतं

सकाळचे अकरा वाजले होते. घाटकोपरच्या एका सात मजली इमारतीत माधुरी मेथी निवडत बसली होती. मधूनमधून हात पुसून ती फोनवर मतं देत होती. 'चावडी' नावाच्या नेटवर्कवर कुठला मजकूर वर जाणार आणि कुठला तळाला, हे सभासदांच्या मतांवर ठरे. ज्याच्या खात्यात चावडीची डिजिटल नाणी जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. तिसऱ्या मजल्यावरच्या कृणालने इमारतीतल्या अकरा बायकांना खाती उघडून दिली होती आणि त्यांत नाणी भरली होती. तो रोज यादी पाठवी, बायका त्याप्रमाणे मतं देत. मतांमागे तो पैसे देई. माधुरीच्या मुलीच्या क्लासची फी त्यातून सुटे. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

"वाचत बसू नका ताई, दाबत जा," एवढंच कृणालचं सांगणं असे.

खालून आरडाओरडा ऐकू आला तशी माधुरी जिन्यात आली. पहिल्या मजल्यावर अबोलीच्या दारावर दोन पुरुष थापा मारत होते. अबोली एका लॅबमध्ये रक्त तपासायची.

"आमच्या आईचा रिपोर्ट पण खोटाच दिला असशील. बाहेर ये."

वॉचमनने त्यांना कसंबसं खाली नेलं. माधुरीने हाक मारली तेव्हा दार साखळीपुरतं उघडलं. भरदिवसा आत सगळ्या खिडक्या बंद होत्या. अबोलीची सासू पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती.

"आपल्या टाकीच्या पाण्यात जंतू सापडले म्हणून मी चावडीवर लिहिलं होतं ना, ते तासाभरात तळाला घातलं गं," अबोली म्हणाली. "आणि मग हे आलं."

तिच्या फोनवर तिचाच फोटो होता. 'ही बाई पैसे घेऊन खोटे रिपोर्ट देते.' खाली इमारतीचा पत्ता.

"लॅबने येऊ नको म्हणून सांगितलंय. आणि हे पुसता पण येत नाही. तिथे लिहिलेलं कायमचं राहतं."

माधुरीने मजकूर खाली सरकवला. तो वर नेण्यासाठी मतं देणाऱ्यांची नावं तिथे होती. पाचवं नाव तिचं होतं. फोन परत देऊन ती वर आली.

संध्याकाळी तिने कृणालला जिन्यातच गाठलं.

"अबोलीवरचं माझं मत काढ."

"काढा की. पण दिल्याची नोंद राहतेच." कृणालच्या हातात भाजीची पिशवी होती, आवाज नेहमीसारखाच गोड. "टाकी साफ करणाऱ्या ठेकेदाराने दिलेलं काम होतं ते, ताई. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? उद्या यादीत कुणाचंही नाव येऊ शकतं. तुमचा फोटो आहे माझ्याकडे. मुलीचा पण आहे."

दोन दिवस माधुरीने मुलीला क्लासला पाठवलं नाही. बेल वाजली की ती आधी साखळी लावी, मग विचारी, कोण आहे. तिसऱ्या दिवशी ती अबोलीकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

अबोलीने विचारलं, "वाचलं नव्हतंस?"

"नाही."

"वाचलं असतंस तर दिलं नसतंस?"

माधुरीला 'नसतं दिलं' म्हणता आलं नाही.

रविवारी इमारतीच्या आवारात सोसायटीची सभा भरली. पाण्याचा विषय निघताच माधुरी उठली. पुढच्या खुर्चीवरून कृणालने वळून आपल्या फोनचा कॅमेरा तिच्यावर रोखला. अबोलीवरचा तो मजकूर तिने मोठ्याने, पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला.

"हे खोटं आहे. याला मी मत दिलं. न वाचता, पैसे घेऊन. यादी कृणालने दिली, काम ठेकेदाराचं होतं. आणखी दहा नावं या इमारतीतली आहेत. ती मी नाही वाचणार. जिचं तिने सांगावं."

कुणी मान वर केली नाही. कृणालचा फोन बायकांच्या रांगेवरून सावकाश फिरू लागला. तो जवळ आला तशा पाचव्या मजल्यावरच्या शेवंतीकाकू खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

"माझं पण नाव लिहा," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या.

बाकीच्या नऊजणी अजून बसूनच होत्या.