फणसाचा चीक

शाळा सोडली म्हणून घरी भांडण झालं आणि ब्लेसी केरळात कुट्टनाडला मैत्रिणीकडे, अनीटाकडे, येऊन राहिली. पण अनीटाचा चेट्टा, म्हणजे मोठा भाऊ, टोजो रोज ती जेवायला बसली की टोमणा मारायचा, "शाळा सोडलीस, माशाचं डोकं तेवढं सोडत नाहीस!"

आज फणस फोडायचा होता. फोन खांद्याशी दाबून होणाऱ्या बायकोशी खिदळत टोजोने चीक चिकटू नये म्हणून तेल लावायला न बघताच हात पुढे केले. "ए फुकटे, तेल ओत." ब्लेसीने भाताची पेज ओतली. त्याला पत्ताच नाही.

थोड्याच वेळात दहाही बोटं चिकाने माखली. घाम आला म्हणून त्याने मिशी पुसली, तर बोटं मिशीलाच चिकटली!

"तेल दे गं, तेल! आत्ता मुलीकडचे येतायत!"

ब्लेसी तेलाची बाटली मांडीत घेऊन बसली. "आधी विचारा, ब्लेसी, जेवलीस का?"

टोजो दातओठ खात म्हणाला, "जेवलीस का, ब्लेसी?"

"नाही ना चेट्टा. वाढा."

"या हातांनी?"

"मग थांबा. माझं जेवण होऊ दे." असं म्हणत तिने माशाचं डोकं ताटात घेतलं आणि ती ते सावकाश चोखायला लागली.