गुलाबबाईचा सकाळचा ताप

मी एक जुनी काचेची कांडी आहे, मित्रांनो. शिकलेले मला थर्मामीटर म्हणतात, आसेगावच्या बायका 'तापाची कांडी' म्हणत. कुणी काही म्हणो, माझ्यापुढे कुणाची थाप चालली नाही. पोरगं शाळा बुडवायला कण्हत असलं, तर माझा पारा जागचा हलत नसे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून मला बारीक नळीसारखं ओढलं, पोटात पारा भरला, अंगावर रेघा कोरल्या. मग कापसात गुंडाळून, एसटीचे धक्के खात आले ती आसेगावच्या दवाखान्यात, प्रयागबाई नर्सच्या हाती. साल असेल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर. बाईंचा हात शिस्तीचा. झटकायचं, पुसायचं, डबीत ठेवायचं. त्यांच्यासोबत घरोघर हिंडताना मला एक खोड लागली. ताप किती ते मला कळे, पण का ते कळेना, आणि ते कळल्याशिवाय चैन पडेना.

एका हिवाळ्यात किराणा दुकानवाल्या शांतीलालची आई, गुलाबबाई, छातीच्या तापानं पडली. त्या घरात तिचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. मला पाहून म्हणाली, "साऱ्या गावाच्या तोंडातली कांडी मी तोंडात घेऊ? काखेत लाव."

लावली. मी सरळ एकशे तीनवर गेले. मंगरूळपीरच्या डॉक्टरांना विचारून बाईंनी गोळ्या दिल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. पुड्या रोज रिकाम्या होत, आणि रोज सकाळी मी पुन्हा वर चढे. धाप वाढत चालली. म्हातारी हाती लागते की नाही, अशी गत झाली.

"बाई, गोळ्या लागू नाही पडून राह्यल्या," शांतीलाल म्हणाला. "जास्ती द्या ना!"

बाईंचा हात गोळ्यांच्या डब्याकडे गेला आणि थांबला. ताप रोज सकाळीच का चढतो, म्हणून माझा आकडा पुन्हा पाहिला. मग साधंच विचारलं, "माय, रातची गोळी दुधासंगं घेता का पान्यासंगं?"

"रातचं पानी?" गुलाबबाई तापातही उसळली. "अवं, लगन होऊन आली तवापासून दिवस बुडाल्यावर थेंब नाही घेतला मी. आमा जैनाइचा नेम हाये."

"मंग संध्याकाळची अन् रातची गोळी?"

"सकाळच्या गोळीसंगं एकदमच. दवा काय फेकून द्याची असते?"

असं होय! रात्रभर अंगात औषध नाही, आणि सकाळी एकदम ढीग. त्यावर आणखी वाढवल्या असत्या, तर औषधानंच घात केला असता.

शांतीलाल म्हणाला, "आई, चार दिवस मोड नेम."

"तूच मोड. पन मोडाले तुयाजवळ एखांदा हाये का?"

प्रयागबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक माही हाये, माय. मी घड्याळ सांगतलं, तुमचा दिवस नाही इचारला."

त्या लगेच मंगरूळपीरला गेल्या, डॉक्टरांशी बोलून दिवसातून एकदाच द्यायची सुई घेऊन आल्या.

"हे तोंडातून जात नाही," बाई म्हणाल्या.

"अन् उजेडात देशीन?"

"उजेडातच."

"मंग दे. पन हळू."

आधी कातडीखाली थेंबभर टोचून बाई तिथंच बसून राहिल्या. टोचल्या जागी लाल गांधी उठत नाही, म्हणजे औषध बाधत नाही, हे पाहिलं, मगच पुरी सुई दिली. दोन-तीन सकाळी गेल्या, आणि एका सकाळी मी वर चढलेच नाही. गुलाबबाईनं मला काखेतून उपसून बाईंच्या हातात दिलं. "ने इले आता. रोज खुपसते मेली!" इतकं गोड मला कुणी बोललं नव्हतं.

आता मी म्हातारी झाले. पारा मधेच तुटला, आकडे पुसले गेले, डबीही कुणी उघडत नाही. मित्रांनो, माझ्यासारखीला गरम पाण्यात बुडवू नका, आणि फुटली तर पारा हातानं वेचू नका. पण आकडा वाचून लगेच औषधाकडे धावूही नका. मी फक्त ताप सांगते. बाकीचं खाटेवरचं माणूस सांगतं, त्याला कुणी विचारलं तर.