सुरम्याआडची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी पापणी आहे. मंठ्याच्या बाजारात कपडे शिवणाऱ्या फकरोद्दीन यांच्या डाव्या डोळ्याची वरची पापणी. जन्मापासून उघडझाप करून मी पार थकले आहे. शिवण बारीक आली की लोक मालकांच्या नजरेची वाहवा करतात. आमची आठवण होते ती डोळ्यात धूळ गेल्यावर, तीही चोळायला.

माझी धाकटी बहीण म्हणजे खालची पापणी. तिच्या कडेवर मुगाएवढी गाठ आली. दुखत नव्हती. तिथले केस गळाले. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. मालक रोज नमाजाला जाण्याआधी सुरमा घालत. गाठ दिसू नये म्हणून ते आता सुरम्याची रेघ जरा जाड ओढू लागले. घरात त्यांच्या बायकोला, आमिनाबींनासुद्धा पत्ता लागला नाही. मला सगळं कळत होतं, पण पापणीला तोंड कुठे असतं!

एके दिवशी ते रामरावांच्या गळ्याचं माप घेत होते. जुनं गिऱ्हाईक. तोंडासमोर तोंड आलं तसे रामराव दचकले.

“फकरोद्दीनभाई, डोळ्याखालून रगत येऊन राह्यलं की!”

“काही न्हाई हो, रांजणवाडी हाय.”

“मागल्या दिवाळीला बी हेच बोलल्ते तुम्ही. वरीसभर रांजणवाडी ऱ्हाती व्हय? चला जल्दी जालन्याला.”

जालन्यात डॉक्टर ज्योत्स्नांनी सुरमा पुसला आणि गाठ नीट निरखली. गाठीचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला.

“काका, गाठीसकट खालची बरीचशी पापणी काढावी लागेल. अजून थांबलात तर डोळाच जाईल. वरच्या पापणीचा आतला थर खाली ओढून नवी पापणी करू. तोवर काही आठवडे डोळा शिवलेला राहील.”

मालकांनी विचारलं, “मॅडम, मंग सुई बराबर दिसंल ना? दुसरं काम येत न्हाई मला.”

“आत्ता केलं तर दिसेल.”

ऑपरेशनमध्ये बहीण गेली. निरोपसुद्धा घेता आला नाही. माझा आतला थर सोडवून खाली ओढला, त्यावर कानामागची कातडी शिवली. आयुष्यात पहिल्यांदा मला विश्रांती मिळाली, आणि ती मला खायला उठली. कायमचं असंच मिटून राहावं लागलं तर? मला फार भीती वाटायची.

शेवटी माझा नि नव्या पापणीचा जोड कापला आणि मी उघडले. मालकांनी तिथेच खिशातून सुई काढली. चुकत चुकत दोरा एकदाचा ओवला गेला. ते रडले. खालची नवी पापणी अजून अवघडलेली, तिला केसही नाहीत, पण आसवं तिने सांभाळली.

मित्रांनो, पापणीवरची गाठ बरी होत नसेल तर झाकू नका, डॉक्टरांना दाखवा. मालकांनाही माझं हेच सांगणं आहे. पुन्हा झाकलंत, तर माझ्याजवळ द्यायला दुसरा तुकडा उरलेला नाही.