मी उठवलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. आता वाळून शिळ्या पावाच्या कडेसारखा झालो आहे, पण एके काळी हॅझलक्लफ टाउन या फुटबॉल क्लबाच्या मैदानावर वीस वीस हजार माणसं माझ्या नावाने ओरडायची. मला हात नाहीत, तोंड नाही. आहेत ती नुसती भोकं. समोर येईल ते पोटात घे, एवढंच काम देवाने मला नेमून दिलं. मी पाणी प्यालो, चिखल प्यालो, आणि रक्त तर इतकं प्यालो की खाटकाच्या फडक्यानेही मान खाली घालावी.

माझा जन्मच जखमेतला. दूर ग्रीसच्या समुद्रात, तळाच्या खडकाला धरून मी सुखाने बसलो होतो. एका पाणबुड्याने सुरी घालून मला मुळापासून कापलं, बोटीवर पायाखाली तुडवून माझ्यातला जीव बाहेर काढला आणि उन्हात टांगलं. फिरत फिरत मी इंग्लंडात, लँकेशायरमधल्या या गिरण्यांच्या गावात, औषधांच्या दुकानात आलो. तिथून मला इनॉक हॅल्शॉने उचललं. इनॉक आमच्या फुटबॉल क्लबाचा ट्रेनर. त्याआधी तो कोळशाच्या खाणीत होता. वैद्यकीचं शिक्षण म्हणाल, तर खाणीतल्या घोड्यांचे पाय चोळले होते, तेवढंच.

"घोडा बोलत नाही आणि खेळाडू खरं बोलत नाही," तो म्हणायचा. "त्यापेक्षा घोडा बरा."

खेळाडू पडला की इनॉक बादली घेऊन धावायचा. बर्फगार पाण्यात बुडवून मला त्याच्या मानेवर पिळायचा. त्या धारेने माणूस कळवळून उठे, आणि लोक टाळ्यांचा कडकडाट करत. "जादूचा स्पंज," म्हणत. मीही फुगलो. स्पंज पाण्याने फुगतो, मी स्तुतीने फुगलो.

आज खरं सांगतो. माझ्यात जादू नव्हती. गार पाण्याने अंगाला दुखण्याचा घटकाभर विसर पडतो, बस. त्या काळी बदली खेळाडू घ्यायची सोयच नव्हती. अकरा उतरले की तेच अकरा. एक गेला की दहा. म्हणून पडलेल्याला उभं करणं हेच औषध ठरलं होतं. लोमॅक्स नावाचा आमचा एक गडी, त्याची नडगी मोडली. मी त्याला उठवलं. मोडक्या पायावर तो अकरा मिनिटं धावला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. पुढे जन्मभर तो काठीवर चालला. मिरवणाऱ्यांपैकी काठी धरायला कोणी आलं नाही.

आणि मग आला सेथ पिलिंग.

तो आला बचावाच्या फळीतला डाव्या बाजूचा बॅक म्हणून. तिसऱ्याच सामन्यात मधल्या फळीतल्या एकाच्या बरगड्या मोडल्या, सेथ तिकडे गेला. महिन्याभराने पुढच्या फळीतल्या एकाचा गुडघा उलटा फिरला, सेथ तिकडे गेला आणि दोन गोल करून आला. पुढे असंच ठरून गेलं. हाड ज्याचं मोडेल, जागा सेथची. पाण्याला भांडं बदललं म्हणून काही वाटत नाही, तसा हा माणूस. सहा हंगामांत अकरापैकी नऊ जागांवर खेळला. उभ्याने सामना बघायच्या स्वस्त तिकिटाचे लोक कठड्यावरून चिडवत, "सेथ, फाटकावर तिकिटं फाडायला माणूस कमी आहे, जाऊन येतोस का?"

"येतो की," सेथ म्हणे, "पण मग तुला फुकट शिरता यायचं नाही, लेका."

सेथ काही साधू नव्हता. त्याच्या बुटाच्या टाचांनी किती नडग्या सोलल्या, ते मला विचारा. समोरच्यांचं रक्तही मीच पुसत होतो. थॉर्नली मूरच्या एका गड्याचे दोन दात त्याच्या कोपराने पडले. ते चिखलातून शोधून सेथनेच त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "धुऊन घे." थॉर्नली मूर म्हणजे शेजारचं गाव. तिकडे लेक द्यायची, पण सामना द्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत.

त्याच्या मनात एक गोष्ट होती. इनॉक त्याची पाठ चोळत असताना तो एकदा बोलून गेला. "म्हाताऱ्या, सगळ्यांच्या जागा मी राखल्या. माझी अशी एक जागा कधी मिळणार?" इनॉक मला पिळत राहिला.

पण सगळ्यांच्या जागा राखायच्या तर सगळ्यांचे घावही घ्यावे लागतात. पावसात भिजलेला चामड्याचा चेंडू फरसबंदीच्या दगडासारखा जड होई. सेथ त्याला डोक्याने मारी, आणि डोक्याला डोकंही भिडे. शेवटच्या हंगामात तो सामन्यानंतर बाकांच्या मागे जाऊन ओकायचा. तोंड मी पुसायचो. हे इनॉकला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. थॉर्नली मूरशी चषकाचा सामना दोन दिवसांवर आला असताना हॅना पिलिंग कपडे बदलायच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मिस्टर हॅल्शॉ, काल त्याने चहात मीठ घातलं आणि पिऊन टाकलं. मला त्याच्या आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन नऊ वर्षं झाली त्याची."

"दमला असेल, पोरी."

"दमलेली माणसं मी बघितली आहेत. मीही गिरणीतच आहे." ती आत आली नाही. "खेळू नको म्हटलं तर तो ऐकणार नाही. तुम्ही एवढंच करा. या वेळी तो पडला, तर उठवू नका."

इनॉकने टोपी काढली. मग म्हणाला, "नाही उठवणार. देवासमोर सांगतो."

सामन्याच्या दिवशी मैदान चिखलाने लोण्यासारखं झालं होतं. आम्ही एका गोलने पुढे होतो. थॉर्नली मूरचा ब्रॅडॉक हा बैलासारखा गडी. गोलरक्षकाला खांद्याने धडक मारायची तेव्हाच्या नियमात मुभा होती, आणि ब्रॅडॉकला खांद्याशिवाय देवाने दुसरं काही दिलं नव्हतं. चौदा मिनिटं उरली असताना त्याने आमच्या गोलरक्षकाला, डंकर्लीला, चेंडूसकट उचलून आपटलं. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज बादलीत मला ऐकू आला. डंकर्लीला बाहेर नेलं. त्याचा हिरवा स्वेटर सेथने अंगात घातला. ही त्याची दहावी जागा.

"ये रे ब्रॅडॉक," तो म्हणाला, "तुझीच वाट बघतोय."

ब्रॅडॉक आला. चेंडू उंच आला होता, सेथने तो पकडलाही. त्याच क्षणी धडक बसली, आणि सेथचं डोकं लाकडी खांबावर आदळलं. वीस हजार माणसं गप्प झाली. मग इनॉक धावला, आणि गप्प झालेली माणसं ओरडू लागली. "स्पंज, स्पंज, स्पंज."

सेथच्या कानातून रक्त येत होतं. ते मी टिपलं. कोमट होतं. त्याने डोळे उघडले.

"कुठे लागलं?" इनॉकने विचारलं.

"कुठेच नाही. पाणी टाक, म्हाताऱ्या."

"आपण कुठे आहोत, सांग."

सेथने इकडेतिकडे पाहिलं. चिखल, जाळी, माणसांच्या भिंती. "घरी," तो म्हणाला. "दार लाव ना, वारं येतंय."

आमचा कप्तान वाकला. "इनॉक, पीळ तो स्पंज. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. उभा राहिला तरी पुरे."

इनॉकने मला सेथच्या मानेवर धरलं. मी पाण्याने गच्च भरलो होतो. मित्रांनो, त्या घडीला मलाही वाटलं, पिळावं. सवय वाईट असते, आणि टाळ्यांची सवय सगळ्यांत वाईट.  मग इनॉकने मला बाजूला टाकलं आणि पायाने बादली लवंडून दिली. पाणी गवतात जिरलं.

"हा उठणार नाही," तो म्हणाला.

सेथला एवढंच कळलं, की कोणीतरी त्याला खेळातून काढतंय. तो कोपरावर उठला आणि त्याने सगळी ताकद एकवटून इनॉकच्या तोंडावर ठोसा मारला. "जागा माझी आहे," तो म्हणाला, आणि तसाच मागे कोसळला. चौघांनी त्याला झोळीत घालून नेलं.

उरले नऊ. कडेने धावणाऱ्या बुटक्या विंगरला गोलात उभं केलं. दोन गोल झाले आणि चषक गेला. इनॉक बाहेर पडताना लोकांनी त्याच्यावर चिखलाची ढेकळं टाकली, मग जळलेल्या कोळशाची टणक खंगरं. एक खंगर कपाळावर बसलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा इनॉकचं रक्त प्यालो. सोमवारी क्लबाने त्याला काढून टाकलं. मला त्याने कोटाच्या खिशात घालून नेलं.

सेथ तीन आठवडे पडदे ओढून पडून राहिला. तो पुन्हा खेळला नाही. इनॉकने पाणी पिळलं असतं तर तो मेला असता का? कोणी सांगू शकत नाही, इनॉकलाही सांगता आलं नाही. गावाने मात्र ठरवून टाकलं, की म्हाताऱ्याने सामना घालवला. सेथही तेच म्हणे. इनॉक दिसला की रस्ता ओलांडून जाई. हॅना दर रविवारी मांसाचं सारण भरलेली एक पोळी भाजून इनॉकच्या उंबऱ्यावर ठेवी. आत येत नसे.

दोन वर्षं गेली. एका रविवारी प्रार्थनामंदिरात उपदेशकाने चाल धरली होती. शब्द बोलता बोलता तो गाऊ लागे आणि गाता गाता रडवी, असा रसाळ माणूस. लोक भजनाला उभे राहिले. मी इनॉकच्या खिशात होतो. कोणीतरी बाकांच्या रांगेत सरकून त्याच्या शेजारी उभं राहिलं. तो सेथ होता.

पहिलं कडवं सेथने खणखणीत गायलं. दुसऱ्या कडव्याला त्याला शब्द सुचेनात. लहानपणापासून पाठ असलेले शब्द डोक्यातून निसटले होते. तो पुस्तकाकडे बघत होता, पण ओळ सापडत नव्हती. इनॉकने बोट त्या ओळीवर ठेवलं. सेथने त्या बोटाकडे पाहिलं, इनॉकच्या ओठावर स्वतःच्या ठोशाची खूण होती तिच्याकडे पाहिलं, आणि बोटामागोमाग गाऊ लागला. इनॉकने शेवटच्या कडव्यापर्यंत बोट हलवत नेलं.

मित्रांनो, मी शेकडो माणसं उठवली आणि त्याबद्दल मला टाळ्या मिळाल्या. ज्याला उठवलं नाही, तो एकटाच मला आठवतो. तुमच्यासमोर कोणी पडलं, तर त्याला ओढून उभं करायची घाई करू नका. टाळ्या वाजवणारे घरी जातात, देह ज्याचा त्याच्यापाशी उरतो. त्याच्याजवळ खाली बसा. तू कुठे आहेस, असं त्याला विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.