मिरची बेतानं

ह्वांग मुन-सोप अजून मीठ खात्याचे मंत्री होते. म्हणजे त्यांना काढलं, असं कोणी म्हटलं नव्हतं. मागच्या सभेत सर्वोच्च नेते बोलत असताना त्यांच्या पेनातली शाई संपली. नेते बोलतात तेव्हा सगळ्यांनी वहीत लिहीत राहायचं, ही प्याँगयांगची रीत. कोरडं पेन फिरवत राहिले असते तरी निभावलं असतं. पण या भल्या माणसाने पेन झटकलं आणि नेमका तेव्हाच कॅमेरा तिकडे वळला. तेव्हापासून मोटार रोज न्यायला येई, कचेरीत चहा मिळे, फाइल मात्र एकही येत नसे.

किमचीचे दिवस आले. हिवाळाभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला एरवी जिन्यातल्या बायका एकमेकींकडे जमत. यंदा मंत्र्यांच्या दारात चिटपाखरू फिरकलं नाही.

"अहो, किमची किती घालू?" बायकोने, सुन-दानने, विचारलं. "नाही म्हणजे, खाणीवर पाठवलं तर बरण्या काही नेऊ देणार नाहीत."

"नेहमीइतकीच घाल. कमी घातलीस तर आपणच कबुली दिल्यासारखं होईल. अख्खी बिल्डिंग बघतेय."

बाह्या सरसावून ते स्वतः कोबीला मीठ चोळायला बसले. मंत्री झाल्यापासून मिठाला हात लावायची ही पहिलीच वेळ.

दुपारी जिन्याच्या प्रमुख क्ये-वॉलबाई आल्या. घराघरावर नजर ठेवून वर कळवणं हे त्यांचं काम. कोण राहणार, कोण जाणार, ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळे.

"इन-छोलची आई, दोघंच राबताय होय?" लेकाच्या नावाने सुन-दानला हाक मारत त्या म्हणाल्या. "सरका, मी मिरची लावते."

बाई ऐसपैस बसल्या, हसल्या, दोनदा 'मंत्रीसाहेब' म्हणाल्या. मंत्र्यांचा जीव भांड्यात पडला. जायच्या माणसाच्या घरी ही बाई कशाला मिरची चोळत बसेल?

मग बाईंनी कोबीचं एक पान तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"मिरची जरा बेतानं घाला हो. आमच्या ह्यांना सोसत नाही."

मंत्र्यांनी मिरचीची परात पुढे ओढली आणि होती नव्हती ती सगळी कोबीवर ओतली.

"सुन-दान," ते म्हणाले, "चांगली चोळ."