बाणेदार राजीनामा

माणसाच्या अंतःकरणात स्वातंत्र्याची एक ज्योत तेवत असते आणि ती एकदा भडकली की जगातला कुठलाही साहेब तिला विझवू शकत नाही. शिलाई मशीन दुरुस्त करणारे मालक हे वाक्य गेली एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते. ऐकवताना त्यांच्या ओठांत बहुधा दोन स्क्रू धरलेले असत, त्यामुळे वाक्याचा उत्तरार्ध फुंकर मारल्यासारखा बाहेर पडायचा.

त्यांना मालक म्हणायला सुरुवात केली ती बायकोनं, आणि तीही टोमणा म्हणून. दुकान म्हणजे एक शटर, एक लाकडी बाक, खिळ्यांवर टांगलेले पट्टे आणि दुरुस्तीला टाकून गिऱ्हाइकं गायब झालेली सात मशीनं. हाताखाली कोणी नव्हतं आणि डोक्यावर बायको सोडली तर कोणी नव्हतं. तरी नाव चिकटलं, आणि मालकांनी ते गंभीरपणे घेतलं.

त्याआधी चौदा वर्षं ते एका कंपनीत आवक-जावक विभागात कारकून होते. ती नोकरी त्यांनी कशी सोडली, हे सांगून त्यांच्या मुलीला लहानपणी झोपवलं जायचं. साहेब नाही नाही ते बोलला. मालक उठले, कागद ओढला, चार ओळींत राजीनामा लिहिला, टेबलावर आपटला आणि मागे वळूनही न बघता चालू लागले. मुलगी दुसरीत असताना या गोष्टीतला साहेब नुसता बसलेला असे. ती दहावीला गेली तोवर तो उभा राहून थरथर कापायला लागला होता.

आता ती सव्वीस वर्षांची झाली होती आणि एका विमा कंपनीत दावे तपासत होती. लोक तयार कपडे घ्यायला लागल्यापासून घर चालायचं ते तिच्याच पगारावर, पण हा विषय घरात कोणी काढत नसे. शुक्रवारी जेवताना तिनं शांतपणे सांगितलं, “बाबा, मी राजीनामा लिहिलाय. सोमवारी देणार.”

“का गं? काही बोलले का तुला?”

“बोलायची वाट कशाला बघू? स्वतःचं काहीतरी सुरू करते.”

“काय सुरू करतेस?”

“ते ठरेल. तुम्ही कुठं आधी ठरवलं होतं?”

“बापावर गेलीय,” बायको म्हणाली आणि मालकांकडे असं बघितलं की ते भात न घेताच ताटावरून उठले.

शनिवारी मुलगी तो कागद घेऊन दुकानात आली. “जरा भाषा बघा,” म्हणाली. “तुमच्याइतका बाणेदार झालाय का?”

मालकांनी चष्मा पुसला. पहिल्याच ओळीत ज्योत होती. दुसऱ्या ओळीत ती भडकत होती. पुढचं वाचायचा त्यांना धीर होईना. तेवढ्यात शटरपाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात फॉर्मांचा गठ्ठा होता.

“काका, पाचच मिनिटं. विद्यापीठाची पाहणी आहे. माणसं नोकरी सोडून स्वतःचा धंदा का करतात, याचा अकरा देशांत अभ्यास चाललाय.”

“अकरा देशांत?” मालक खूश झाले. त्यांना चहाच्या टपरीपलीकडे कोणी विचारलेलं नव्हतं.

“प्रत्येकाची संस्कृती वेगळी ना. एका देशात सांगतात स्वातंत्र्य. दुसऱ्या देशात, घराण्याचा धंदा. तिसऱ्या देशात, नोकरीच मिळेना.”

“आणि खरं काय असतं?”

“खरं सगळीकडं एकच असावं, असा मला संशय आहे,” पाहणीवाला म्हणाला. “पण तसं निघालं तर पाहणी बंद होईल. हं, तुम्ही नोकरी का सोडलीत? एक, स्वातंत्र्याची ओढ. दोन, घराण्याची परंपरा. तीन, नोकरी नसणे. चार, इतर.”

“एक,” मुलगी म्हणाली. “डोळे मिटून एक लिहा.”

पाहणीवाल्यानं पेन्सिल टेकवली. मालकांनी मुलीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग ओठांतले दोन्ही स्क्रू काढून डबीत टाकले.

“थांबा,” ते म्हणाले. “आमच्या ऑफिसात एक पद्धत होती.”

पद्धत अशी होती. दर मार्चमध्ये प्रत्येक कारकुनानं आपल्या पाळीप्रमाणे राजीनामा द्यायचा. मजकूर हेडक्लार्कनं टाइप करून ठेवलेला असे, नुसतं नाव भरायचं. मग साहेब आत बोलवायचा, बसा म्हणायचा, तुमच्यावाचून ऑफिसचं कसं व्हायचं म्हणायचा, कागद फाडायचा आणि एक पगारवाढ द्यायचा. सगळ्यांची पोरंबाळं या पद्धतीवर वाढली होती.

“त्या वर्षी माझी पाळी गुरुवारी होती,” मालक म्हणाले. “बुधवारी साहेब बदलला. नव्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.”

“मग?” मुलगी म्हणाली.

“त्यानं वाचला आणि सही केली. शुभेच्छा दिल्या.”

“अद्वातद्वा बोलला नाही?”

“अगं, भला माणूस होता. मला दार उघडून दिलं त्यानं.”

“अहो, मग कागद हरवला म्हणायचं ना,” पाहणीवाल्याला राहवेना.

“कसं म्हणणार? आवक-जावकला मीच. माझा राजीनामा मीच नोंदवला होता, नंबर टाकून. चौदा वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवला नव्हता.”

मुलगी बाकावर बसली. “आणि तुम्ही मागे वळून न बघता निघालात.”

“साडेपाचपर्यंत जागेवर बसलो. वाटलं, बोलावेल. दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशीपण. चौथ्या दिवशी माझ्या खुर्चीत कोणी दुसराच होता. त्यानं मला विचारलं, आपलं काय काम आहे?”

“आईला माहीत होतं?”

“रोज डबा देऊन परत पाठवत कोण होतं मग?”

“आणि मशीनंच का?”

“तुझा मामा मशीनं दुरुस्त करायचा. शिकवायला दुसरं कोणी तयार नव्हतं.”

मुलगी बापाकडे बघत होती. कापड चांगलं म्हणून घेतलं आणि घरी नेल्यावर उलटून बघितलं, असं तिचं तोंड झालं होतं. मालकांना वाटलं, एकोणीस वर्षं जपलेला गोष्टीतला बाप गेला, पण पोरीची नोकरी राहिली. हिशेब वाईट नव्हता.

“हे बसवू कशात?” पाहणीवाला फॉर्म खालीवर करत होता. “तीन म्हणावं तर नोकरी होती. दोन म्हणावं तर मामा आईकडून. आणि ‘इतर’पुढं रेघ बोटभरसुद्धा नाही.”

“एक नंबरच लिहा,” मालक म्हणाले. “अकरा देशांपुढं आपलं कशाला हसं?”

पाहणीवाल्यानं आनंदानं एक लिहिलं. जाताना म्हणाला, “खरं सांगू काका? या गल्लीत सकाळपासून सगळ्यांनी एक नंबरच सांगितलाय.” मग आठवल्यासारखं म्हणाला, “मलापण फॉर्ममागेच पैसे मिळतात. विद्यापीठानं जागा भरायचं बंद केलं ना. पण मला कोणी विचारलं तर मी स्वातंत्र्यच सांगतो.”

मुलीनं राजीनाम्याचे चार तुकडे केले. “तुम्हाला आधी सांगता आलं नाही?” एवढंच म्हणाली. रागावली होती, पण जाताना बापाला हाताला धरून घरी घेऊन गेली. रात्री मालक दोनदा भात वाढून घेऊन जेवले. बायकोनं कारण विचारलं नाही.

सोमवारी मुलगी नेहमीच्या बसनं कामावर गेली. जिन्याजवळच्या फळ्यावर सूचना लावली होती की दावे विभाग एक तारखेपासून बंद होत असून विभागातले सर्वजण तेच काम यापुढे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून करतील. खाली तेवीस जणांची नावं होती. तिचं नाव सतरावं होतं.